अक्षता टिपणाऱ्या कोंबड्या

॥ श्री ॥
वाशी, ६ नोव्हेंबर १९८३

ती. दादास सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

तू लावून दिलेली कण्हेर बहरली आहे. पूजेला रोज परडीभर फुलं निघतात. फक्त इथे विहीर नाही की नदी नाही. निर्माल्य कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मी ते चुरून तुळशीमागे, कुंपणाच्या तारेलगत टाकते.

शेजार एकदम शांत झाला आहे. पलीकडच्या गोजराबाईंच्या (मूळच्या इथल्याच बोनकोडे गावच्या) पाचही कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला हायसंच वाटलं. सोसायटीच्या सभेत मी उठून म्हटलं, घाण केली की रोगराई येणारच. कोंबड्या पाळायच्या नाहीत, असा ठराव लगेच झाला. गोजराबाई मान खाली घालून बसल्या होत्या. हे चिडवतात, की तू वकीलच व्हायला हवं होतंस!

तू शाळेत शेती शिकवतोस म्हणून विचारते, हा रोग मुलांना लागत नाही ना?

वहिनींना नमस्कार. आहे तो लोभ वाढता असू दे.

तुझी सुनीती


देवरुख, १३ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलांची काळजी नको, मला हा रोग वाटत नाही. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. पण तुझ्या निर्माल्यात अक्षता असणारच. त्या टिपायला कोंबड्या तारेखालून आल्या असतील, आणि चुरलेल्या फुलांतून तांदूळ तेवढे वेचायला त्यांना कोण शिकवणार?

फांद्या मीच आणल्या आणि विषाचं एका शब्दाने बोललो नाही. वर्गात पोरांना सांगतो, बहिणीला सांगायचं सुचलं नाही. लाज वाटते. निर्माल्य यापुढे खड्ड्यात पूर. आणि त्या बाईंना स्वतः जाऊन सांग.

ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझा दादा


वाशी, २० नोव्हेंबर १९८३

ती. दादास शि. सा. न.

तीन दिवस गोजराबाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काल एकदाची आत गेले आणि सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मना ठाव व्हता, बाय. एक कोंबडी त्यांनी कापून पाहिली होती. पोटात तांदूळ आणि लाल पाकळ्या निघाल्या. मग सभेत गप्प का बसलात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, देवावरचा फूल, त्याला चारचौघांत विष कसा म्हनू? वर त्यांनी मला चहा केला. दादा, धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

हे म्हणतात, माफी मागितलीस, आता विषय संपव. पण त्यांची मान सगळ्यांदेखत खाली गेली आणि माफी मी मागितली ती बंद दाराआड. रविवारी पुन्हा सभा आहे. घाण त्यांची नव्हती, विष माझ्या पूजेचं होतं, एवढं मी उभी राहून सांगणार आहे. पुढे ठरावाचं काय व्हायचं ते होवो.

या बहिणीवरची माया कमी करू नकोस.

तुझी सुनीती