डाव्या धुऱ्यावरची दोन पाखरं

बाबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही गेल्यालाही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली आणि तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. मी सातवीपर्यंतच शिकलो, चुका होतील याची भीती वाटते. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही वाटते. पण मागच्या आठवड्यात आदिलाबादला एक गोष्ट पाहिली, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, आणि ती तुमच्याशिवाय कोणाला सांगावी कळत नाही.

तुम्ही बस स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आला होता, तो दिवस. थंडी होती, जवारी हुरड्यात आली होती. दुकानाच्या खिडक्यांना काळा कागद, आत चार पेट्या आणि त्यांचा निळा उजेड, भर दुपारीही आत तिन्हीसांज. अडकलेलं नाणं काढायचं, ढिली झालेली दांडी आवळायची, भांडणं होऊ द्यायची नाहीत, एवढं माझं काम. जैनथकडचा माणूस शेताची राखण सोडून हे करतो म्हणून गावात लोक हसायचे. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही आईला म्हणाला होता, "पाहून येतो काय करून राह्यला थो. मंग सांगतो त्याले, राहा का गावाले ये." आईनं हे मला आधीच कळवलं होतं. म्हणून तुम्ही दारात चपला काढल्या तेव्हा मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. दुकानात चपला कोणी काढत नसे.

मी तुम्हाला सगळ्यात चांगल्या पेटीपुढे उभं केलं. काळ्या आभाळात चांदण्या खाली सरकत आहेत, वरून रंगीत किडे वळण घेत येतात आणि रांगा धरून बसतात. खाली आपलं एक विमान, ते डावी-उजवीकडे न्यायचं आणि बटण दाबून गोळ्या मारायच्या. तुम्ही बराच वेळ नुसते पाहत राहिलात, मग म्हणालात, "हे त राखणच हाये." आणि काय हात चालला तुमचा बाबा! माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचा तसेच पाय रोवून उभे आणि एकेक रांग निघून चालली आहे. कॉलेजची पोरं आपला खेळ सोडून तुमच्यामागे गोळा झाली. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, राहा.

शेवटी डावीकडे दोनच किडे उरले आणि तुम्ही बटणावरचा हात काढला. ते खाली येऊन गोळ्या टाकायचे, तुम्ही विमान बाजूला घ्यायचात, ते पुन्हा वर. मारत मात्र नव्हता. पोरांना मजा वाटायला लागली. एक म्हणाला, चाचा, डर गये क्या. दुसरा म्हणाला, आजोबाला डोळ्यानं दिसत नाही. मी तुमच्या कानाशी लागून म्हटलं, मारा ना बाबा. तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणालात, "धुऱ्याकडचं तास पाखरायचं असते. मारलं त दुसरं येते. दमलं त आपल्यानं जाते."

आपल्या शेतात तेच चालायचं, मला माहीत होतं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या शेवटच्या ओळीवर तुम्ही कधी दगड टाकला नाही, तिथली कणसं पाखरांची. पण हे त्या पोरांना कोण सांगणार? तेवढ्यात तुमच्या कोपराखालून बटण दाबलं गेलं, दोन्ही किडे फुटले आणि लगेच नव्या रांगा वरून उतरल्या. तुम्ही दांडी सोडली. सोबत आणलेली हुरड्याची पिशवी माझ्या स्टुलावर ठेवली आणि म्हणालात, गाडीची वेळ झाली. गाडीला दोन तास होते, बाबा. मी अडवलं नाही. नंतरही तुम्ही मला राहा म्हणाला नाहीत आणि ये म्हणाला नाहीत. मी राहिलो. दुकान बंद पडेपर्यंत राहिलो, आणि त्याच्या आधीच तुम्ही गेलात.

आता दुकानाच्या मालकाचा मुलगा तिथं मोबाईल विकतो. त्यानं फोन केला की ती एक पेटी मागच्या खोलीत आहे, काका, तुमी येऊन पहा, खेळण्यासारखी असंन त ठेवतो, नाही त भंगारात देतो. मी गेलो. वाटेत ऑटोत शंभरदा वाटलं की जुन्या पेटीचा शॉक लागेल, बीपी वाढेल. पेटी सुरू झाली. खरं सांगतो, आठवणीत होती तेवढी ती चपळ नाही. रंग विटलेत, आवाज डबा वाजवल्यासारखा, आणि पुढचा किडा कुठून येणार ते मला अजून पाठ आहे. पण पहिली रांग वळण घेऊन आली आणि मान आपोआप त्यांच्यामागे फिरली. म्हणजे खेळ टिकलाय.

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी डावीकडचे दोन तसेच ठेवले. दोनदा विमान गेलं. तिसऱ्यांदा जमलं. ते येत, मी सरकत, ते वर जात. तो मुलगा चहा सांगून आला, चहा निवला, मी सरकतोच आहे. पाव तास झाला असेल. आणि बाबा, त्यांनी गोळ्या टाकणं बंद केलं. नुसते यायचे, शेजारून जायचे, वर जाऊन बसायचे, जवारीवरून पाखरं फिरतात तसे. पुढच्या रांगा आल्या, त्यांनीही एक गोळी टाकली नाही. मुलगा म्हणाला, "बिघडली वाटते, काका." मी म्हटलं, नाही, ही ठेव.

तुम्हाला हे त्या दिवशी कसं कळलं? की कळलं नव्हतं, नुसती सवय होती? मी उजाडल्यापासून हाच विचार करत बसतो. हे पत्र वहीतच राहणार, याला पत्ता नाही. पण एक लिहून ठेवतो. आईला, बायकोला, सगळ्यांना मी सांगत आलो की मागून पोरांचा धक्का लागला आणि माझा हात बटणावर पडला. धक्का कोणाचा लागला नव्हता. पोरं तुमच्या धोतराला हसत होती, मला लाज वाटली, आणि मीच दाबलं.

आईला म्हणाला होता ना, पाहून मग सांगतो. काय सांगणार होता, राहा की ये? माझंही वय झालं, बाबा. तेवढं लवकर कळवा.