मागच्या सीटचं माप

ता. ६ मार्च

ती. मामास,

दंडवत, कारण तुझ्यापुढे नुसत्या नमस्काराने भागत नाही. वि. वि. फोनवरच सांगितलं असतं, पण कानातलं यंत्र तू ड्रॉवरमध्ये ठेवतोस, आणि मी दवाखान्यातून ओरडले की दात काढून घ्यायला आलेला माणूस उठून घरी जातो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू तुझी म्हातारी मोटरसायकल मला दिलीस, तेव्हा ती लोण्यासारखी चालते म्हणाला होतास. आता ऐक कशी चालते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून खाड्, पिळला की पुन्हा खाड्, आणि दोन्ही वेळा आईचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर. गेल्या गुरुवारी चढावर असे हिसके बसले की आई अर्ध्या रस्त्यात उतरली. ही गाडी माझ्या वजनावर शेरे मारते, असं म्हणून तरातरा पायी घरी गेली.

हसू नकोस. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडायची ती फक्त गुरुवारी, मैत्रिणीकडे पत्ते कुटायला, आणि तेही याच गाडीवरून. बसने जा म्हटलं तर आता राहू दे म्हणते. दिवसभर सोफ्यावर असते. कोणाला टोमणा मारत नाही, पत्त्यांत कोणाला फसवत नाही. एकदा का ती अशी बसली की उठायची नाही, याची मला खरंच भीती वाटते. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. पंक्चर काढायला गेलं तरी तो हेच म्हणतो.

लोभ असेलच तर उलट टपाली कळव.

तुझी भाची


ता. ११ मार्च

चि. दातकोरणीस,

न मागता अनेक आशीर्वाद. त्या मेकॅनिकला गाडीपासून चार हात लांब ठेव. इंजिनाला काही धाड भरलेली नाही. चेन सैल झाली आहे, दुसरं काय! मेन स्टँडवर लाव, खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली हलव. बोटाच्या पेरापेक्षा जास्त हलली तर मागच्या चाकाचा नट सैल करून चाक मागे ओढ, की झालं. मी जन्मभर हेच करत आलो आणि गाडीने मला कधी दगा दिला नाही.

ताईला सांग, वजनाचा काडीचा संबंध नाही. फ्रॉकात असल्यापासून तिला रुसायला नुसतं निमित्त लागतं. पण तिला सोफ्यावर बसू देऊ नकोस. ती गप्प बसली असं तू लिहिलंस, ते वाचून माझी झोप उडाली. ती चिडलेली बरी.

आहे तो लोभ सांभाळून वापर.

मामा


ता. १८ मार्च

ती. मामास,

दंडवत या खेपेला निम्माच. तू सांगितलंस तसं पेरभर माप घेऊन चेन ताणली. एकटी गेले तर खाड् तसंच. तरी आईच्या हातापाया पडून तिला मागे बसवलं, तर खालून, पुढच्या बाजूने, घरघर सुरू झाली. फाटकाच्या आत आई उतरली. हेल्मेट माळ्यावर टाकलं आणि तू पहिल्यापासूनच थापाड्या आहेस असं म्हणाली. नंतर दारच लावून घेतलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग डोकं फिरलं. गाडी मेन स्टँडवर घेतली, गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून बघितलं. डुगडुगता दात मी असाच तपासते. चेन जागची हलेना, तिची दातेरी चकतीही हलेना, चाक मात्र चांगलं दोन बोटं हलत होतं. म्हणजे दात शाबूत, हिरडी गेलेली! चाक काढलं. ड्रम आणि चकतीच्या मध्ये हिसके झेलायला जे रबर असतात, ते चपटे झाले होते, एकाचा तर भुगाच हातात आला. ते तू शेवटचे कधी बदललेस, हे शपथेवर सांग. आणि ती घरघर कसली?

लोभ तूर्त थांबवला आहे.

तुझी भाची


ता. २३ मार्च

चि. दातकोरणीस,

आशीर्वाद आहेत, घ्यायचे तर घे. रबर मी कधीच बदलले नाहीत. नवे पार्सलने पाठवले आहेत, ते बसव.

घरघरीवर दोन दिवस डोकं खाजवलं, तेव्हा ट्यूब पेटली. मागे माणूस बसलं की गाडीची पाठ दबते, आणि दबली की चेन आणखी ताणली जाते. स्टँडवर पेरभर सैल वाटणारी चेन तुम्ही दोघी बसल्यावर तारेसारखी ताठ होऊन गिअरबॉक्सच्या दांड्याला ओढत होती. अजून थोडं लांब गेला असतात तर तिथलं बेअरिंग बोंबललं असतं आणि खरोखरच इंजिन खोलावं लागलं असतं. ताई उतरली म्हणून वाचलीस.

माझं माप एकट्याचं होतं गं. माझ्यामागे कधी कोणी बसलंच नाही. एक बसणार होती, ती दुसऱ्याच्या स्कूटरवर बसली. तेव्हा मागच्या सीटचा विचार माझ्या डोक्यात कुठून येणार! आता चेन सैल कर, तुम्ही दोघी गाडीवर बसा आणि त्याच मेकॅनिकला खाली बसवून माप घे. ताईशिवाय हे काम होणार नाही, हे तिला माझ्या नावाने सांग.

लोभ पूर्ववत सुरू करावा.

मामा


ता. २ एप्रिल

चि. ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. माझ्या वजनाशिवाय एखादं काम अडतं, हे मी या वयात पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून माळ्यावरून हेल्मेट काढलं. भर रस्त्यात गाडीवर नुसती बसून राहिले. मेकॅनिक माझ्या पायाशी बसून चेन वर-खाली करत होता आणि मला ताई, जरा हलू नका म्हणत होता. समोरच्या खिडकीतले लोक बघत होते. बघू देत. पोरीने दोनदा चाक मागे-पुढे केलं, तेव्हा कुठे माप जुळलं.

परवाच्या गुरुवारी गेलो. घरघर नाही, खाड् नाही, चढसुद्धा गाडी मुकाट्याने चढली. पत्त्यांत मी सगळ्यांना धुतलं. थोडी लबाडी केली, पण त्या तिघी काय कमी करतात?

आता एक सांगते, ते तुझ्यापाशी ठेव. हिसके बसायचे तेव्हा मी पोरीची कंबर घट्ट धरायचे. आता धरायची गरज नाही, मोकळी बस, असं ती म्हणाली. मी धरलीच. हे गेल्यापासून मला कोणी जवळ घेत नाही रे, आणि एवढ्या मोठ्या पोरीला घरात उगाच मिठी मारायची मला लाज वाटते. गाडीवर कोणी विचारत नाही. उतार आला की मी जरा जास्तच घट्ट धरते.

हे तिला कळवू नकोस. तिला वाटेल मला भीती वाटते, आणि ती मागे धरायला लोखंडी दांडी बसवून घेईल.

तुझी ताई