ताईचा शेजारी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. तुझं चष्म्याचं दुकान आणि गुडघा, दोन्ही ठीक चालत असतील. मी निवृत्त झालो तरी समोरच्या शाळेची घंटा वाजली की हात अजून खडू शोधतो. एक विनंती होती. छप्पर गळतंय. दुकान वाढवायला तू जमवलेल्या पैशांतले थोडे पाठवशील? महिनाअखेरच्या आत हवेत. हिला मात्र कळवू नकोस, उगाच डोकं खाईल.
माया आहे तशीच असू दे.
तुझा भाऊ

८ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. पैशांचं बघते. तोवर आमच्या शेजाऱ्याची गंमत ऐक. गृहस्थ हिशेबात पक्का, भाजीवाल्यालाही बेरीज शिकवतो. मोबाइलवरच्या कुठल्याशा गुंतवणुकीच्या ग्रुपात शिरला. पहिला नफा खरोखर खात्यात आला, तशी स्वारीने सगळी पुंजी ओतली. आता पैसे काढायला गेला तर म्हणे आधी कर भरा! तो भरायला उसने मागत फिरतोय. तू गणिताचा मास्तर. त्याला काय सांगू?
वहिनीला माझी आठवण सांग.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. पत्र वाचून तुझा राग आला. त्या बिचाऱ्याची थट्टा कसली करतेस? फसतात ते अडाणी आणि हावरट. हा तर हिशेबी माणूस. नफा आधी हातात पडला म्हणजे कंपनी खरीच. शिवाय ती फोनवरची मुलगी किती अदबीने बोलते! लुच्चे लोक असे बोलतात का? थोड्या करासाठी आयुष्याची कमाई सोडणं कुठल्या गणितात बसतं? त्याला म्हणावं, भरून टाक. आणि माझ्या छपराचं विसरू नकोस.
रागावलोय, तरी तुझाच,
भाऊ

१६ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. त्या मुलीबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आमच्या शेजारचं घर कधीपासून बंद आहे. तिथे एक मांजर राहते, तिला बेरीज येत नाही. आणि तू राहतोस तळमजल्यावर. छप्पर गळून पाणी तुझ्यापर्यंत यायचं, तर वरची दोन बिऱ्हाडं आधी पोहायला लागली असती.

ग्रुपातल्या नफ्याची फुशारकी तूच मागे फोनवर मारली होतीस. असल्या ग्रुपांत पुढे काय होतं, ते माझ्या दुकानात येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी सांगितलं. त्यांच्याकडे असे डॉक्टर येतात, वकील येतात, आणि हो, मास्तरही. पहिला नफा हेच आमिष असतं रे. आता एक पैसाही भरू नकोस. आजच वहिनीला सांग आणि बँकेत नि पोलिसांत जा. मी शनिवारी येते. तुझे पैसे गेल्याचं वाईट वाटलं. मला सांगायची तुला लाज वाटली, याचं जास्त वाईट वाटलं.
आल्यावर पोटभर हसणार आहे, आधीच सांगून ठेवते.
तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. बँकेत जाऊन आलो, पोलिसांत तक्रारही नोंदवली. पुंजीतलं फारसं परत येईलसं दिसत नाही. तुझे वाचले, एवढ्यावर झोप लागते. काल एकाचा फोन आला, बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणाला, फक्त आधी फी भरा. मी त्याला म्हटलं, माझ्यापेक्षा ताईच्या शेजाऱ्याला जास्त गरज आहे. आणि शेजाऱ्याचा म्हणून पोलीस चौकीचा नंबर दिला.

तू ये. हवं तेवढं हस. ही सगळीकडे माझ्यासोबत आली, पण अजून बोलत नाही. घरात कुणीतरी हसायला हवं आहे.
तुझा भाऊ