कोंबावर आलेले पाणी

सेंत-बिबियान,
२९ एप्रिल १९५७

ती. देलिमाताईस,
ओव्हिलाचा सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, ईस्टरही तसाच गेला, म्हणून आधी कान पकडतो. झाडांचे पाणी वाहत असले की मला काहिलीपासून हलता येत नाही, आणि यंदा ते थांबायचे नाव घेत नाही. मला तर ते थांबेल याचीच धास्ती वाटते. आल्सिदचा ट्रक तुझ्याकडे येतो आहे, त्याच्याबरोबर पाकाचा डबा पाठवला आहे. परवाच काढलेला आहे.

आमचा पोरगा रोमेओ लाकडाचे ओंडके नदीतून वाहून न्यायला गेला आहे, तो मेअखेरीपर्यंत येत नाही. मेपलची सहाशे झाडे, मी आणि सूनबाई. एग्लांतीनने आठ दिवस माझे डोके खाल्ले आहे. मामंजी, बेडूक ओरडायला लागले, आता झाडांच्या तोट्या काढा, पाणी कोंबावर आलंय, कोंब फुटले की पाकाला घाण वास येतो. मी म्हटले, बेडकांना काय कळतं पाकातलं? तर म्हणते, मग मला तरी विचारा. एकदा पळी माझ्या हातात द्या, असेही म्हणाली. आपल्या बाबांनी आईला काहिलीजवळ उभे केले नाही, आणि हिला पळी हवी! रोमेओला पाकातले काही कळत नाही हे खरे. माझ्यामागे या काहिलीचे काय होणार, या काळजीने झोप लागत नाही.

त्यात खालच्या उतारावरच्या बादल्या रिकाम्या येतात. आधी तीस, मग पन्नास. शेजारच्या तेओफीलचे काम असणार. मी पाद्रीबाबांच्या कानावर घातले आहे.

तेओफीलचे आणखी ऐक. रविवारी प्रार्थनेच्या मध्यात आमच्या पुढच्या बाकावरचे सगळे उठून दुसरीकडे गेले, मागचेही गेले. तेओफील नव्या नवरीसारखा रुमाल तोंडाला लावून बसला होता. मी कोणाचे काय वाईट केले? शनिवारपासून आमचा कपितेन कुत्रा तेवढा मला धरून आहे. रानातून केकाटत आला, तेव्हापासून सूनबाई त्याला घरात घेत नाही, म्हणून तो आणि मी काहिलीच्या खोपटातच झोपतो.

जानेवारीतला ताप गेला, पण सुनेच्या हाताची चव तेव्हापासून गेली ती गेलीच. वाटाण्याचे सूप म्हणजे नुसते गरम पाणी. बोलायची सोय नाही.

बेचाळीस डबे भरले आहेत. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आपली सगळी घरे येतील आणि बाबांच्या वेळेपासूनच्या रिवाजाप्रमाणे एकेक डबा नेतील.

लोभ आहे तसाच दाट राहू दे.

तुझा,
ओव्हिला


लुईस्टन,
७ मे १९५७

चि. ओव्हिलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा मिळाला. उघडला आणि वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरून विचारायला आली, कोणी पायमोजे उकळत ठेवलेत का? मी म्हटले, नाही हो, माझ्या भावाने प्रेमाने पाठवलाय. एक चमचा मी तोंडात घातला, कारण तू पाठवला होतास. दुसरा घालणार नाही.

अरे शहाण्या, त्या कुत्र्याच्या अंगावर रानातल्या स्कंक जनावराने नाक धरावे लागेल अशी घाण उडवली आहे! ती घाण अंथरुणात घेऊन झोपलास आणि वर प्रार्थनेला गेलास. सगळ्या गावाला कळले, तुला नाही. तेओफील बिचारा रुमाल लावून का होईना, बसून राहिला. आणि सुनेच्या सुपाला नावे ठेवतोस? ओव्हिला, तुझे नाक गेले आहे, तुला वासच कळत नाही. जानेवारीतल्या तापात गेले. एकाहत्तर वर्षांचा घोडा झालास, एवढे समजू नये?

आता मी एक सांगते, ते बसून वाच. बाबांचेही नाक गेलेले होते. तपकिरीने. मी सात वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत, हंगामाच्या शेवटी ते मला खांद्यावर किंवा हाताला धरून काहिलीशी नेत, ते आठवते? तुम्ही सगळे चिडायचात, ताईचे लाड होतात म्हणून. लाड कसले? मी वास घ्यायची आणि कानात सांगायची, बाबा, कोंब लागला. मग ते पळी उंच धरून मोठ्याने जाहीर करायचे की यंदाचा पाक संपला, आग विझवा. आणि तुम्ही तोंडे वासून त्यांच्याकडे बघायचात. त्यांनी मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

म्हणजे बेचाळीसपैकी किती डबे खराब आहेत ते तुला माहीत नाही. कोणता कधी भरला हे तू लिहून ठेवले नसणार, तुला ओळखते मी. एकही डबा कोणाच्या घरी जाऊ देऊ नकोस. एग्लांतीनसमोर सगळे डबे उघड. तिला खरे सांग.

माया आहे, म्हणून एवढे बोलले.

तुझी,
देलिमाताई


सेंत-बिबियान,
२० मे १९५७

ती. देलिमाताईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा उशीर झाला. पहिले तीन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. साठ वर्षे पोटात ठेवलेस, आणखी थोडे ठेवले असतेस तर काय बिघडले असते? बाबांची ती पळी उंच धरलेली मूर्ती मी जन्मभर डोळ्यांपुढे ठेवून काहिलीपुढे उभा राहिलो.

मग कांदा कापून नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आले, दुसरे काही आले नाही.

कुत्र्याला व्हिनेगरने तीनदा धुतले. सूनबाई म्हणाली, आता तुम्ही पण. मग तळघरात सगळे डबे उघडले. ती वाकून वास घ्यायची आणि एवढेच म्हणायची, हा राहू दे. मामंजी, हा कोंबाचा. एका डब्यावरून मी भांडलो, कारण त्याचा पाक पळीवरून पदरासारखा असा सुटला होता की बाबांनीही मान डोलावली असती. ती म्हणाली, दिसायला छानच आहे हो, पण डुकरं तरी खातील का बघू. सतरा डबे बाद झाले. पंचवीस राहिले. यंदा दोन घरांत एक डबा द्यावा लागेल. नातेवाइकांना काय सांगू, याची चिंता आहेच.

उतारावरच्या तोट्या तिनेच काढल्या होत्या. तिथे ऊन आधी लागते, म्हणून. म्हणते, सगळ्याच काढणार होते, पण तुमचं तोंड बघवलं नसतं. म्हणजे आता पाद्रीबाबांकडे जाऊन तेओफीलबद्दलचे बोलणे मागे घेणे आले.

एक तोड मी काढली होती, बाबांसारखी. पुढच्या मार्चपासून तिने हळूच वास घ्यावा, मला खुणेने सांगावे, आणि मी जाहीर करावे. बाबांची गोष्ट आणि माझी तोड तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतली. मग म्हणाली, मामंजी, मी काही तुमच्या खांद्यावर बसायची नाही. पळी द्यायची तर द्या, नाहीतर रोमेओला बोलवा.

काल ती गाईंकडे गेली असताना पळी तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून आलो. ती परत आली, पाहिले, आणि सूप वाढले. सूप गरम होते.

आल्सिदबरोबर दुसरा डबा पाठवला आहे. तो तिने निवडला आहे, पहिल्या पाण्याचा. मी झाकण काढून बराच वेळ नाकाशी धरला होता. ताई, नुसते चांगला आहे असे लिहू नकोस. त्याचा वास कसा आहे ते नीट, सविस्तर लिही, आणि लवकर लिही. मी पोस्टाच्या वाटेकडे बघत बसलो आहे.

तुझा,
ओव्हिला