नळीची सुरी

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता मला हातातलं काम थांबवावं लागतं. गेल्या आठवड्यात तो आठवावा लागला नाही, आपणहून आला. एका कंपनीचा माणूस माझ्या दवाखान्यात आला होता. त्याने मखमली अस्तराची पेटी उघडून एक हत्यार माझ्या हातात दिलं. टोकाला पातं, पात्याच्या पोटाशी छिद्र, मुठीतून मागे गेलेली रबरी नळी. कापायचं आणि त्याच हाताने रक्त, पू ओढूनही घ्यायचा, दुसरा हात मोकळा, असं तो समजावत होता. मी म्हटलं, असं हत्यार मी पाहिलेलं आहे, मालवणात, बोटी चालत होत्या त्या काळात. मी थट्टा करते आहे असं वाटून तो अदबीने हसला आणि दर सांगायला लागला. मी त्याला लवकर वाटेला लावलं. तेव्हापासून तुम्हाला काही विचारायचं आहे, आणि ते नीट विचारायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं.

मे महिना होता. मी मेडिकल कॉलेजची परीक्षा देऊन बोटीने घरी आले होते. तोंडवलीहून किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरातली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मूल नुकतं बोलायला लागलेलं, पण त्या दिवशी बोलत नव्हतं. मान मागे टाकलेली, तोंडातून लाळ, श्वासाला घरघर. तुम्ही त्याच्या घशात बोट घातलंत आणि मग मलाही घालायला सांगितलंत. घशाच्या मागच्या भिंतीत गळू होतं, पिकल्या रातांब्यासारखं मऊ. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, मी मुलाचं डोकं धरलं, कंपाउंडर पू ओढायच्या नळीचा पंप पायाने मारायला लागला, आणि तुम्ही सुरी लावलीत. पू फुटला तो एवढ्याशा घशात मावेना. सुरी बाहेर काढून नळी आत घालायची, कारण त्या तोंडात दोन्ही एकदम जात नव्हती. तेवढ्या वेळात मुलाने श्वास ओढला आणि पू छातीत गेला. मग आपण त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तुम्ही त्याच्या तोंडाला तोंड लावून ओढलंत आणि बेसिनमध्ये थुंकलात, पुन्हा ओढलंत. माझ्या हातातलं डोकं जड झालं ते मला तुमच्या आधी कळलं.

त्याची आई दाराशीच बसली होती. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा ती रडली नाही. तिने विचारलं, "तुमी कापूक नसतास तर माझो झील जगलो असतो काय?" तुम्ही म्हणालात, "माका ठावक नाय." मला ते आवडलं नाही. न कापता ते मूल एकदोन दिवसांत गुदमरून गेलंच असतं, हे पुस्तकात होतं आणि तुम्हाला पुस्तकाबाहेरूनही माहीत होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, खरं का नाही सांगितलंत? तुम्ही विहिरीवर हात धूत होता, धुतलेलेच हात पुन्हा धूत होता. म्हणालात, तिने विचारलं ते वेगळंच होतं. मी नीट कापलं का, असं ती विचारत होती.

त्यानंतर तुम्हाला दुसरं काही सुचेना. पोकळ नळीच्याच टोकाला पातं बसवायचं, म्हणजे पात्यामागोमाग पू थेट नळीत शिरेल, घशात उतरणारच नाही, एवढी साधी ती कल्पना. ती साधी राहिली नाही. बाजारातल्या सोनाराकडून तुम्ही नळ्या घडवून आणायचात आणि त्यांची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात व्हायची, कारण उजेड तिथल्याच खिडकीत चांगला. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या मूत्राशयात तुम्ही आटवलेली पेज भरता आहात, आई चुलीपाशी पाठ फिरवून बसली आहे, मी पंप मारते आहे, हे मला आजही समोर दिसतं. पहिल्या नळीत पेजेची शितं अडकली. छिद्र मोठं केलं तर नळी त्या मूत्राशयाच्या फुग्याची भिंतच ओढून घेऊन गप्प बसायची. मग तुम्ही मुठीपाशी बाजूला एक बारीक छिद्र पाडून घेतलंत, त्यावर अंगठा ठेवला की ओढ लागते, उचलला की सुटते. त्या दिवशी फुगा रिकामा झाला आणि ताटात पेजेचा थेंबही पडला नाही. तुम्ही आईकडे बघितलंत. आई म्हणाली, "बरा झाला. पण ह्या टोपात मी परत रांदूचंय नाय." आणि तो टोप तिने खरंच दवाखान्यात पाठवून दिला.

मी मुंबईत आमच्या सरांना त्या हत्याराबद्दल सांगितलं. ते चांगले सर्जन होते, हसले नाहीत. नीट ऐकून म्हणाले, हाताने एका वेळी एकच काम करावं. सुरीला जे लागतं ते बोटांना कळलं पाहिजे. नळीचं वजन आणि पंपाची ओढ त्यात मिसळली की हात आंधळा होतो. दिवाळीत घरी आल्यावर मी ते तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. माझ्या सांगण्यात थोडा तोराही असेल. तुम्ही हातातली सुपारी कातरून संपवलीत. मग म्हणालात, "तुझ्या सरांकडे सुरी धरायला एक माणूस आणि नळी धरायला दुसरा असतो. माझ्याकडे कोण आहे? तू येणार आहेस?"

मला मुंबईतच राहायचं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तर तुम्ही तसं विचारलंत. पण तो प्रश्न माझ्याबरोबर बोटीत चढला, आणि शेवटची परीक्षा संपल्यावर मला कायमची परत घेऊन आला.

तोवर नळीची सुरी चालायला लागली होती. लोकांनीच तिला ते नाव दिलं होतं, "डॉक्टरांची नळयेची सुरी." गळू झालेली पोरं दूरदूरहून यायची आणि बरी होऊन जायची. पंपाच्या बाटलीत पू जमा झालेला मी पाहिला आहे, आणि टेबलावरच्या पोराने मोठ्यांदा रडायला सुरुवात केल्यावर तुमच्या खांद्यांचा ताण उतरलेलाही पाहिला आहे. पण आचऱ्याची ती बाईही मी पाहिली. तिच्या घशात नळीने बाजूचं मांस ओढून घेतलं, पातं नको तिथे गेलं, आणि रक्त थांबता थांबेना. ती वाचली. तुम्ही पात्याला आडोसा बसवून घेतलात, फक्त टोक उघडं राहील असा. मी माझ्या पेशंटांना साध्या सुरीने कापत राहिले, नळी कंपाउंडरच्या हातात देऊन. तुम्ही तुमच्या पेशंटांना तुमच्या सुरीने. एकाच खोलीत, एकाच टेबलावर. तुम्ही मला कधी अडवलं नाहीत आणि मी कधी तुमची सुरी मागितली नाही.

मग तो श्रावण आला. समुद्र बंद, बोट बंद. तुमचा घसा दुखायला लागला तेव्हा तुम्ही मिठाच्या गुळण्या करून पेशंट तपासत राहिलात. दोनचार दिवसांत जबडा उघडेना, ताप चढला, बोलणं गेलं. मी दिव्याच्या उजेडात बघितलं तर टॉन्सिलच्या बाजूने गळू फुगून पडजीभ पलीकडे ढकलली गेलेली. कोल्हापूरला न्यायचं तर वाटेतच गुदमरण्याची भीती. आई म्हणाली, तू आसस मगे, तूच काय ता कर.

दुपारची वेळ. तुम्हाला खुर्चीत बसवलं, पुढे वाकवून. ट्रेमध्ये मी दोन्ही ठेवल्या होत्या, तुमची सुरी आणि माझी. माझ्या सुरीच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून फक्त टोक मोकळं ठेवलं होतं. पण मी ठरवलं होतं की तुमच्यावर तुमचीच वापरायची. तुम्हाला बरं वाटेल म्हणून, आणि या घरात तो मान तिचाच आहे म्हणून. मी तिच्याकडे हात नेला. तुम्ही माझं मनगट धरलंत. तापाने भाजत असलेली तुमची बोटं मला अजून आठवतात. दुसऱ्या हाताने तुम्ही साध्या सुरीकडे बोट दाखवलंत. मला समजलं नाही असं वाटून पुन्हा दाखवलंत. कंपाउंडरने ते पाहिलं आणि नजर खाली घातली.

मी साध्या सुरीने कापलं. पू आला, कंपाउंडरने नळी लावली, तुम्ही पुढे वाकून बेसिनमध्ये थुंकलात, ठसका लागला. क्षणभर ओठ काळेनिळे झाले आणि तोंडवलीचं ते डोकं माझ्या हातात पुन्हा जड झालं. मग तुम्ही श्वास घेतलात. दुसऱ्या दिवशी तुमचे पहिले शब्द आईला होते, पेजेत मीठ फार झालंय म्हणून.

तुम्ही बरे झालात, आणि श्रावण संपायच्या आत देवबागची एक मुलगी आली, घशात तसंच गळू घेऊन. मी तिचं डोकं धरलं. तुम्ही ट्रेकडे वळलात आणि काहीच घडलं नसल्यासारखी नळीची सुरी उचललीत. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मुलगी बरी झाली, चांगली बरी झाली, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जे लोकांच्या पोरांच्या घशात चालतं ते स्वतःच्या घशात का नको होतं, बाबा? मी किती उत्तरं लावून पाहिली. तुमचा जबडा उघडत नव्हता, तुमची नळी जाड, तिच्याआड मला आतलं दिसलं नसतं. हे खरं असू शकेल. पण एक बोट जाईल एवढी जागा होती आणि नळी बोटापेक्षा बारीक होती. दुसरं उत्तर असं की माझा हात साध्या सुरीला सरावलेला होता आणि तुम्ही हत्याराकडे नाही, माझ्या हाताकडे बघून ठरवलंत. तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त हवं असतं: काही वाईट झालं असतं तर तुमच्याच सुरीने तुम्हाला मारल्याचं ओझं मी जन्मभर वाहिलं असतं, ते तुम्हाला नको होतं. आणि चौथं उत्तर आईने दिलं. तुम्ही गेल्यावर मी तिला विचारलं होतं. ती कुळीथ निवडत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "भियाले ते. माणसाक भ्या वाटता." मी म्हटलं, मग दुसऱ्यांच्या पोरांसाठी नाही वाटलं? ती म्हणाली, "तेंचा भ्या तू बघूक नाय. मी बघलंय. प्रत्येक पोराच्या आधी ते न जेवता जायत."

तुम्ही गेलात ते अचानक, एका पेशंटच्या घरच्या ओसरीवर, छातीवर हात ठेवून. विचारायचं राहून गेलं, असं मी लोकांना सांगते. त्यानंतरच्या वर्षी जत्रेच्या दिवसांत कंपाउंडर गावी गेलेला आणि एक पोर दारात, निळं पडायला लागलेलं. नळी धरायला दुसरं कोणी नव्हतं. पोराचा बाप पंप मारत होता, आणि मी तुमची सुरी पहिल्यांदा हातात घेतली. आमच्या सरांचं बरोबर होतं. बोटांना काही कळत नाही. कापलं गेलं की नाही हे बाटलीतून कळतं. आणि तुमचंही बरोबर होतं. पोर जगलं. तो आंधळा हात घेऊन तुम्ही वर्षानुवर्षं कसे उभे राहिलात ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही माझं मनगट का धरलंत हे मात्र त्यानेही कळलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर पाकीट शोधायला उठले आणि पुन्हा बसले. पत्त्याच्या जागी काय लिहिणार? शिवाय विचारायचं राहून गेलं, हे काही खरं नाही. त्या श्रावणानंतर कितीतरी दुपारी आपण दोघं त्या खोलीत एकटे होतो. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही माझ्याकडे बघितलं असतं, आणि मग मला सांगावं लागलं असतं की तुम्ही साध्या सुरीकडे बोट दाखवलंत तेव्हा, बाबा, मला हायसं वाटलं होतं.