लेथवरचं कुंकू

सावेडी, नगर
२४ ऑक्टोबर १९९४

चि. अजिनाथ यास आप्पाचे अ. आ.

ऑपरेशन होऊन मी तुझ्या बहिणीकडं, आरतीकडं पडून आहे. पाय ठणकतोय, पण ते सोड. काल जामखेडहून आपला शेजारी छगन भेटायला आला. खिडकीतून आपल्या शॉपात जे दिसलं ते त्यानं सांगितलं. खंडेनवमीचा हार अजून लेथवर सडतोय, नारळाचं पाणी लेथच्या लोखंडी बेडवर तसंच वाळलंय, वर झुरळं! शी! बोट फिरवलं की तेल लागायचं त्या बेडवर गंजाची लाल खरूज उठलीय म्हणे. लई शिसारी आली.

पूजा झाली की संध्याकाळी सगळं पुसून, रॉकेल फिरवून तेलाचा हात द्यायचा, हे तू लहानपणापासून बघतोस ना? दिवाळीच्या पाडव्याला मशीन तुझ्या हाती सोपवणार होतो. आता छगनला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. असल्या घाणीत ठेवण्यापेक्षा विकलेलं बरं.

रागावलोय, तरी आशीर्वाद आहेच.
आप्पा

जामखेड
२८ ऑक्टोबर १९९४

ती. आप्पांना शि. सा. न. वि. वि.

छगनकाकांनी सांगितलं ते कमीच. हार उचलला तर खालून काळा रबरबीत चिखल निघाला. वासानं मी बाहेर जाऊन ओकलो. मग रॉकेल ओतून, बारीक पॉलिश पेपर बेडच्या लांबीनं फिरवत गंज काढला. नारळाच्या पाण्याचा डाग तेवढा राहिला, पण बोटाला लागत नाही. कोरडं पुसून तेल दिलंय.

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी पुसायला चिंधी घेतली होती, आप्पा. तिकडं तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर. म्हशीपायी आईला नगरला येता आलं नव्हतं. मी लेथवरच्या कुंकवावर हात नेला आणि तिनं माझं मनगट धरलं. आज कुंकू पुसू नको म्हणाली. तुम्ही शुद्धीवर आल्याचा निरोप आला, तरी तुम्ही पायावर उभे राहीपर्यंत नाहीच म्हणाली आणि शॉपाची किल्ली कमरेला खोचली. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा कुठं तिनं किल्ली दिली, आणि पाठ फिरवून बसली.

मशीन विकायचं तर विका, पण आईला बोलू नका. माया असू द्या.
आपला,
अजिनाथ

सावेडी, नगर
१ नोव्हेंबर १९९४

चि. अजिनाथ यास अ. आ.

दोघंही बिनडोक! माझ्या जिवासाठी माझंच मशीन सडवलं? तो चिखल डोळ्यापुढून हलत न्हाई. आरतीनं केलेली चकली हातात घेतली आणि परत ठेवली. कुंकवानं हाड जुळलं असतं तर डॉक्टर कशाला लागला असता?

छगनला गिऱ्हाईक नको म्हणून कळवलंय. पाडव्यापासून मशीन तू चालव. त्या डागावर रोज तेलाचा हात फिरव. गंज तिथूनच परत तोंड काढतो.

दोघांवर जीव आहे म्हणूनच बोलतो. तुझ्या आईला मात्र काही बोलत नाही, तिला इथून पुढचंच वाचून दाखव. काल कुबड्या घेऊन मोरीपर्यंत गेलो. पुढल्या खंडेनवमीला पूजा झाली की संध्याकाळी बेडवरचं कुंकू तिनंच पुसायचं, स्वतःच्या हातानं. मी समोर उभा राहतो.

आप्पा