न आवळलेली पाच काडतुसं

एल्कहॉर्न फाटा, मोंटाना
१२ ऑक्टोबर

प्रिय एइनारदादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे लोर्नाचा, प्रेमाचा नमस्कार. तुझे गुडघे ॲरिझोनाच्या उन्हात वाळत घातल्यापासून कुरकुरत नाहीत असं वहिनी फोनवर म्हणाली, ऐकून बरं वाटलं. इकडे डोंगरमाथ्यावर बर्फ पडला, माझा रक्तदाब जागच्या जागी आहे, आणि वॉल्ट (माझा नवरा, तुझा लाडका) नेहमीप्रमाणे काहीच बोलत नाही. झालं रीतीचं. आता खुर्चीत नीट बैस, पाय वर घे आणि ऐक: बाबांची रायफल घरी आली!

होय, तीच. बाबा गेल्यावर थोरला म्हणून तू घेतलीस, आणि ॲरिझोनाला सामान न्यायला ट्रेलर मिळतोय म्हणून माझ्या मोठ्या दिरांना, गस भावजींना, देऊन मोकळा झालास ती. सहा वर्षं दर थँक्सगिव्हिंगला भावजींच्या भिंतीवर ती टांगलेली बघत मी टर्की गिळली. (तुला बोलत नाही हो. फक्त तो ट्रेलर गंजला असेल अशी आशा आहे.)

आता कशी आली ते सांगते. भावजींचा स्वभाव तुला ठाऊक आहे. देवाने जग सहा दिवसांत केलं तेव्हा सातव्या दिवशी चुका काढायला आपण होतो असा त्यांचा समज. इथल्या सगळ्यांसारखे तेही घरीच काडतुसं भरतात. पितळी पुंगळीत दारू घातली, वर गोळी बसवली की माझं काम संपतं. भावजी मात्र ते काडतूस पुन्हा एका डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, घालून पुंगळीचं तोंड गोळीभोवती करकचून आवळतात. याला क्रिंप म्हणायचं, आणि त्याशिवायचं काडतूस म्हणजे त्यांच्या मते बटणं न लावलेली विजार. माझ्या बोल्टच्या, दांडा मागेपुढे सरकवायच्या रायफलीत पुंगळीची मान गोळीला मुळातच घट्ट धरते, मग उगाच तिचा गळा कशाला दाबायचा? हा ऐच्छिक विषय आहे, दादा, शाळेत चित्रकला असायची तसा. पण ऐच्छिक हा शब्दच भावजींना सोसत नाही.

तर रायफल क्लबच्या जेवणात सगळ्यांसमोर त्यांनी माझं एक काडतूस उचललं, कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले, "लोर्ना, यातली गोळी वाटेत पडली तर परत करायला पत्ता लिहिलायस ना?" अख्खा हॉल हसला. पाद्री लिंडक्विस्टसुद्धा हसले, ज्यांच्या प्रार्थनेच्या बस्करावर मी वीस वर्षं भरतकाम करून देतेय! माझं डोकं असं सणकलं की बस्स. मी म्हटलं, "भावजी, रविवारी निशाणावर बोलू. मी जिंकले तर बाबांची रायफल माझी. हरले तर जन्मभर प्रत्येक काडतूस आवळीन, आणि दर रविवारी चर्चच्या कॉफीच्या वेळी उभी राहून 'भावजींचंच खरं' म्हणेन." त्यांनी लगेच हात पुढे केला. वॉल्ट त्या संध्याकाळी एकदाच बोलला: "लोर्ना, बाऊलमधली चिली गार होतेय."

रविवारी शंभर यार्डांवर पाट्या लागल्या, प्रत्येकी पाच गोळ्या. भावजींनी माझी जिरवायची म्हणून नेहमीपेक्षा जास्तच आवळलं होतं. पण पुंगळ्या कापून एका लांबीच्या करायचा त्यांना कंटाळा (तुलाही होता), त्यामुळे लांब होत्या त्यांचा गळा घोटला गेला आणि आखूड होत्या त्यांना नुसतं गुदगुल्या केल्यासारखं झालं. पाच गोळ्या पाच गावांना गेल्या. एक तर पाटीवर सापडलीच नाही! माझी पाचही भोकं पाद्रीबुवांनी एका नाण्याखाली झाकून दाखवली आणि टोपी काढली. दादा, मी रडले. बंदूक खाली ठेवून सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि मला त्याची काडीची लाज नाही.

भावजी शब्दाला जागले. दुपारीच रायफल घेऊन दारात आले, सोबत बाबांचा काडतुसांचा जुना डबाही दिला. जाताना का कोण जाणे, गालात हसले. हसू देत. पंचवीसला शिकारीचा हंगाम उघडतो, आणि मी बाबांच्या रायफलीने, बाबांच्या जागेवर बसून एल्क मारणार. घरी सगळ्यांना आशीर्वाद आणि ट्रेलरला माझा निरोप सांग.

तुझी विजयी बहीण,
लोर्ना

ता. क. : एक बारीकसं काम आहे. बाबांची रायफल लिव्हरची, हे मी आनंदाच्या भरात विसरले. तिच्यात काडतुसं नळीत एकामागे एक बसतात आणि मागून स्प्रिंग रेटते. मंगळवारी कोठाराच्या मागे माझी न आवळलेली काडतुसं घालून एक बार काढला, तर दुसरं आत जाईना. काढून बघते तो गोळी पुंगळीत खचून काडतूस बुटकं झालेलं! सगळी काढली आणि फोडून टाकली. थोडक्यात, या रायफलीला चित्रकला सक्तीची आहे. बाबांची क्रिंपची डाय तू तिकडे नेलेल्या कॉफीच्या डब्यात आहे, ती पंचवीसच्या आत पाठव. गावातल्या दुकानात मागता येत नाही, तिथे शेगडीपाशी दिवसभर भावजी बसतात. पार्सलवर 'बरण्यांची झाकणं' असं लिही, कारण टपालाच्या खिडकीत त्यांची सून बसते.

ता. ता. क. : पत्र बंद करण्याआधी बाबांचा डबा उघडला. झाकणाच्या आत त्यांच्या पेन्सिलीने लिहिलंय: "या रायफलीची काडतुसं आवळूनच भरायची. लोर्ना विसरेल. तिला आठवण करा." म्हणजे भावजी सहा वर्षं हे वाचत होते, म्हणून हसले. आधी माझे कान तापले. मग पुन्हा वाचलं. दादा, त्यात तुझं नाव नाही. जिच्या हाती रायफल जायचीच नाही, तिच्या विसरण्याची काळजी बाबा कशाला करतील? ती माझ्यासाठीच ठेवली होती त्यांनी. तेव्हा डाय लवकर पाठव, ट्रेलर तुलाच लखलाभ.